आजोबांचा वस्तरा चकचकीत करू नका

माळेगावच्या यात्रेत १८० रुपयांना घेतलेल्या एका गंजक्या वस्तऱ्याबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या होत्या. चार ओळींवर अकरा पत्रं आली. यात्रेतली घोडी, गाढवं सोडून मी वस्तरा घेऊन घरी आलो याचं आमच्या सौभाग्यवतींना जेवढं नवल वाटलं, तेवढंच तुम्हालाही वाटलेलं दिसतंय. जालन्याच्या आयटीआयमध्ये फिटरची पोरं शिकवण्यात ३१ वर्षं गेली. तेवढ्या शिदोरीवर उत्तरं देतो.

प्रश्न : जुनं माळवद उतरवताना कोनाड्यात वस्तरा सापडला. पात्यावर तांबडा गंज आहे, मूठ काळी पडलीय. बायको म्हणते चिंचेनं घास, भाऊ म्हणतो ग्राइंडरवर धर. फार खर्च करायची ऐपत नाही.
– एक वाचक, अंबाजोगाई

दोघांचंही ऐकू नका. वहिनींची चिंच तांब्या-पितळेला बरोबर, पण पोलादाला ती खाते. पातं काळंनिळं पडतं आणि गंजाखालचे बारीक खड्डे आणखी खोल होतात. भावाचा सल्ला तर त्याहून वाईट. हे मी स्वतःच्या हातानं करून बसलोय. पहिला वस्तरा मिळाला तेव्हा वर्कशॉपमधलं बफिंगचं चाक समोरच होतं. दोन मिनिटांत आरशासारखं झालं पातं. पोरांना दाखवलं, मिरवलो. मग नीट बघितलं तर टोकाला निळसर झाक. म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरला. वस्तऱ्याचं पोलाद साधारण २०० अंशांच्या पुढे तापलं की मऊ पडायला लागतं, आणि निळा रंग दिसतो तो ३००च्या आसपास. दगडावर धरलं की त्या टोकाची धार कागदासारखी वळायची. वर शेपटाजवळचा कारखान्याचा ठसाही पुसून गेला होता. तो वस्तरा आजही माझ्याकडे आहे, पाकिटं फोडायला.

आता तुमचं. आधी ठसा वाचा. मुठीच्या खिळ्याजवळ पात्याचा जो जाड भाग असतो, तिथं तो असतो. जुन्या टूथब्रशनं थोडं रॉकेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा आणि भिंगातून बघा. ‘शेफील्ड’ दिसलं तर इंग्लंडचा, ‘सोलिंगन’ दिसलं तर जर्मनीचा. नुसतं ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं देशाचं नाव असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेनं १८९० साली जकातीचा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ठसे उठवणाऱ्यांनी मग तेच ठसे सगळीकडे वापरले. अमेरिकेच्या जकातीमुळे अंबाजोगाईच्या कोनाड्यातल्या वस्तऱ्याचं वय कळतं, याची मला अजून गंमत वाटते. मात्र देशाचं नाव नाही म्हणून तो त्याच्या आधीचाच, असा उलटा हिशेब करू नका.

गंज काढायला लागतं ते असं : पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर ८००, १२०० आणि २००० नंबरचा, एकेक ताव. शिवणयंत्राचं तेल. धातू पॉलिश करायची एक छोटी डबी. दोनशे-अडीचशेत सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. धार आधी चिकटपट्टीनं झाका, नाहीतर बोटं जातील. पातं मुठीतून हातानं उघडं धरायचं नाही. लाकडाच्या सपाट पट्टीवर आडवं ठेवायचं. कागद बाटलीच्या बुचाच्या तुकड्याला गुंडाळायचा, तेलात बुडवायचा आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. ८००नं सुरुवात करा. त्यानं सुटत नसेल तरच ४००चा. तांबडा गंज गेला की थांबा. काळे डाग राहतील, राहू द्या. ते पोलादाचं काही बिघडवत नाहीत. खड्डे पार घालवायचे म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंतचं पोलाद घालवायचं, आणि ते परत कुठून आणणार? पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर पॉलिश तिथं लावूच नका, एका पुसण्यात निघून जाते.

मूठ शिंगाची असावी, जुन्या बहुतेक तशाच. खोबरेल तेल लावून चार दिवस ठेवा, रंग परत येईल.

प्रश्न : मला तीन-चार वस्तरे जमवायचेत. १५०० रुपये आहेत. कुठं शोधू आणि फसू नये म्हणून काय बघू?
– एक वाचक, नांदेड

१५०० पुष्कळ झाले. माझा एकही वस्तरा ४००च्या वर गेलेला नाही. छत्रपती संभाजीनगरला छावणीचा गुरुवारचा बाजार आणि जाफरगेटचा रविवारचा बाजार, तुमच्याच जिल्ह्यातली माळेगावची यात्रा, आणि हैदराबादला जाणं झालं तर तिथला जुम्मेरात बाजार. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे जुन्या सामानाचे धागे मुंबईपेक्षा हैदराबादकडे जास्त जातात असा माझा अनुभव. भंगारवाल्याला ‘अँटिक आहे का’ म्हणून विचारू नका, शंभराचे हजार होतात. ‘जुना उस्तरा आहे का’ एवढंच विचारा, आणि नजर त्याच्या पान्या-पकडींच्या ढिगावर ठेवा.

बघायचं काय? सगळ्यात आधी तडा. धारेला नखानं हलकेच टिचकी मारा. पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेलं पातं बारीक वाजतं. आवाज बद्द आला तर उजेडात तिरपं धरा, धारेपासून वर चढलेली केसाएवढी रेघ दिसेल. तो वस्तरा मेला. फुकट दिला तरी नको. दुसरं, पाठ. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, पाठीची जाडी हाच धारेचा कोन. अडाणी हातानं वर्षानुवर्षं दाबून घासलं की पाठीवर रुंद सपाट पट्टा पडतो आणि कोन बिघडतो. तिसरं, धार सरळ आहे का. मध्ये खोलगट झाली असेल तर सरळ करण्यात अर्धं पातं संपतं. गंज मात्र पाठीवर कितीही असू द्या, धारेजवळ नसला की झालं. गिऱ्हाईक बिचकतं ते गंजाला, म्हणून तो स्वस्तात मिळतो.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच अष्टमांश म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, शिकायला हाच बरा. शेफील्डचा नामांकित कारखाना जोसेफ रॉजर्स, त्याच्या नावाची नक्कल पूर्वीपासून चाललीय. अस्सल मालावर सहा टोकांचा तारा आणि माल्टाचा क्रॉस असा जोडठसा असतो. आणि मूठ हस्तिदंती आहे म्हणून कोणी भाव वाढवला तर तिथून उठा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. बहुतेक वेळा ते हस्तिदंत नसतंच, पांढरं सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक असतं. अंगठ्यानं जोरात चोळून वास घ्या, कापराचा येईल, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. तापवलेली सुई टोचून बघायचा शहाणपणा करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. जुनं झालं की ते आतून कुजतं आणि त्याच्या आम्लाच्या वाफेनं शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. अशी मूठ असलेला वस्तरा इतरांपासून लांब ठेवायचा.

प्रश्न : माझे आजोबा गावचे वारीक, म्हणजे न्हावी. ते गेले, त्यांच्या हत्यारांची धोकटी (पिशवी) घरात आहे. दोन वस्तरे, निसणा (धार लावायचा दगड), चामड्याचा पट्टा. एक गृहस्थ ३००० रुपये द्यायला तयार आहेत. बाबा म्हणतात देऊन टाक, मला कळत नाही.
– एक विद्यार्थिनी, जिंतूर

बाळ, त्या गृहस्थांना सांग, विचार करून कळवते. आणि घाईनं काही पुसू-घासू नकोस.

तुझ्या आजोबांच्या धोकटीतली सगळ्यात मोलाची वस्तू वस्तरा नसावी. निसणा बघ. वर्षानुवर्षांच्या वापरानं मध्ये खोलगट झालेला असेल. तो सपाट करू नकोस. त्या खोलगटपणात तुझ्या आजोबांच्या हाताची लय आहे, आणि वस्तऱ्याची पाठही त्याच्याशी जुळलेली असते. जोडी फोडली तर दोन्ही अर्धी होतात. विकायचंच झालं तर धोकटी अखंड विकावी, सुटे वस्तरे नाही.

आमच्या गावी वारीकबाबा लिंबाखाली बसायचे. वडील त्यांच्यासमोर उकिडवे. बलुतं खळ्यावर, ज्वारीत. मी सात-आठ वर्षांचा असेन. मान धरून पुढं वाकवली की पट्ट्यावर वस्तरा फटाफट फिरवल्याचा आवाज कानाशी यायचा. पुढे वर्कशॉपात हजार यंत्रं ऐकली, तो आवाज नाही आला परत. ते तपशील आता तुझ्या घरात फक्त बाबांना आठवत असतील. वस्तऱ्याचा निर्णय नंतर कर, आधी बाबांना विचार : कोणता वस्तरा दाढीला, कोणता डोक्याला, कुठून आणला, बलुतं किती घरांचं. वहीत लिही आणि ती वही धोकटीत ठेव.

पैशांची अडचण असेल तर विकण्यात कमीपणा नाही, हेही सांगतो. पण ३००० पहिल्या भेटीत म्हणणारा माणूस दुसऱ्या भेटीत थोडा वर येतो.

प्रश्न : वस्तरा साफ झाला. धारवाल्याकडून धार लावून घेतली तर दाढी होत नाही, नुसतं ओरबाडतं.
– एक वाचक, लातूर

चाकावरची धार कोयत्याला आणि कात्रीला. वस्तऱ्याची धार घरीच, गार, सावकाश.

काचवाल्याकडून आठ-दहा मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा घ्या, कडा मारून. त्यावर पाणी शिंपडून २०००चा पॉलिश पेपर किंवा ऑप्टिकल फायबरची टोकं घासतात ती बारीक फिल्म चिकटवा. १२, ३ आणि १ मायक्रॉन एवढ्या पुरतात. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेननं रेघ ओढा. फिटर लोक पृष्ठभाग जुळतोय का बघायला निळा रंग लावतात, तीच युक्ती. पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक थर लावा, म्हणजे पाठ झिजत नाही. मग धार पुढे, पाठ मागे, नुसत्या हाताच्या वजनावर ढकला. परतताना पाठीवरून पलटा, धारेवरून कधीच नाही. मार्करची शाई पूर्ण लांबीवर एकसारखी निघाली की पुढच्या बारीक कागदावर जा. शाई फक्त टोकाला निघत असेल तर तुम्ही दाबताय.

शेवटी चामडं. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून म्हशीच्या चामड्याची अडीच इंच रुंद पट्टी घ्या, खिडकीच्या गजाला अडकवा. इथं उलटं : पाठ पुढे, धार मागे. ४०-५० फेऱ्या. हातावरचे केस न ओढता निघाले तर दाढीला घ्या, पहिल्या दिवशी फक्त गालावर, कातडी ताणून, पातं साधारण ३० अंशांत तिरपं. जुनं पातं त्याआधी साबणानं आणि स्पिरिटनं नीट धुवा, आणि ते दुसऱ्या कोणाच्या गालाला लावू नका. सलूनवाल्यांनी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा धरला तो याचसाठी, रक्तातून रोग पसरतात.

प्रश्न : आमच्या जालन्यातल्या सळईपासून वस्तरा बनेल का?
– एक वाचक, भोकरदन

नाही. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, वस्तऱ्यात एक टक्का किंवा जास्त. सळईला पाणी दिलं तरी तेवढं चढत नाही. सळई घरात घाला, तिथं ती मजबूत.

प्रश्न : ठेवायचा कसा? चामड्याच्या पाकिटात चालेल?
– एक वाचक, बीड

चामडं ओल धरतं, पावसाळ्यात गंज चढवतं. सुती कापडात गुंडाळून, लाकडी पेटीत. पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचं बोट. मी एकदा तेल संपलं म्हणून घरातलं करडईचं लावलं होतं. आपल्याकडे पिकतं, चांगलं तेल आहे, पण हवेत वाळतं आणि डिंकासारखं चिकटतं. दिवाळीत पेटी उघडली तर पातं मुठीतून निघेना. रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवलं तेव्हा कुठं उघडलं. जवसाचंही तसंच, ते लाकडी मुठीला लावा, तिथं वाळणं उपयोगी पडतं.