मुलगी फ्लॉरेन्सला जायचं म्हणते

प्रश्न : मुलगी संभाजीनगरला चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढची दोन वर्षं इटलीत, फ्लॉरेन्सच्या अकादमीत शिकायचं म्हणते. आमची सहा एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन. पाव्हणे म्हणतात, चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला? तिथं मायकेलअँजेलोसारखं काम शिकवतात का, अन् आम्हाला झेपेल का, खरं-खरं सांगा.
— एक वडील, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दादा, राम राम. मी त्याच अकादमीत दोन वर्षं शिकले. मायकेलअँजेलोचं आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. तिथं तसं काही शिकवत नाहीत. त्याचा ‘डेव्हिड’ हा पुतळा 1873 पासून ज्या संग्रहालयात आहे, ते अकादमीला खेटूनच आहे. वर्गाला जाताना मी रोज त्याच्या दर्शनाची रांग ओलांडायचे. दोन वर्षांत आत गेले मोजून तीनदा. चित्रकलेच्या वर्गात प्राध्यापक यायचे, कॅनव्हाससमोर उभे राहायचे, ‘हे का केलंस?’ एवढंच विचारायचे आणि कॉफी प्यायला जायचे. हाताला धरून जुन्या पद्धतीचं रेखाटन शिकवणाऱ्या खासगी शाळा त्याच गावात आहेत, इंग्रजीतून शिकवतात, पण त्यांची फी ऐकून तुम्ही हे पत्र फाडून टाकाल. मुलीला नक्की यातलं काय हवंय, ते आधी तिलाच विचारा.

मी स्वतः डेकोरेशन विभागात होते. (जालन्यात हे सांगितलं की लोक विचारायचे, म्हणजे मांडवाचं का?) तिथं मी भिंत शिकले. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्र. खाली चुना-वाळूचा जाडाभरडा थर, वर बारीक थर, आणि तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात खललेला रंग. डिंक नाही, सरस नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यात कायमचा धरला जातो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. जुन्या चित्रांत जवळून पाहिलं की या तुकड्यांचे सांधे दिसतात. आपल्या अजिंठ्याचं तसं नाही बरं का. तिथं माती-भुशाचा गिलावा, वर पांढरा पातळ हात, आणि रंग कोरड्या भिंतीवर चिकट द्रव्यात कालवून. सगळे सर्रास ‘अजिंठ्याचे फ्रेस्को’ म्हणतात, त्याचा मला अजून राग येतो.

माझे वडील गवंडी. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली माल कालवलेला. त्यामुळे गिलाव्यात मी वर्गात पहिली आणि चित्रात शेवटून दुसरी. करणी हातात घेतली की बाकीची पोरं कौतुकानं बघत उभी राहायची. पण एकदा तोरा नडला. आभाळासाठी माझ्या सामानातली प्रशियन ब्लूची पूड ओल्या चुन्यावर लावली. रंग झकास दिसला. थोड्याच दिवसांत तेच आभाळ गंजलेल्या पत्र्यासारखं तांबूस. चुन्यापुढं तो निळा टिकतच नाही, त्याचं लोखंड उघडं पडतं. रात्री वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, “नीळ नाही का टाकायची? दिवाळीला चुन्यात काय टाकतो आपण?” आणि बरोबरच होतं! पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्याला दाद देत नाही. दुसऱ्या दिवशी तो तुकडा छिन्नीनं उकरला आणि पुन्हा गिलावा केला.

आता पैशाचं. ही अकादमी सरकारी आहे आणि अशा संस्थांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते. तोस्काना प्रांताची शिष्यवृत्तीही आहे, त्यात जेवण आणि जमलं तर राहायची सोय होते. पण त्यासाठी उत्पन्न आणि मालमत्ता कागदावर दाखवावी लागते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सगळं अपोस्टिल करून (म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का घेऊन) इटालियनमध्ये भाषांतर. आमच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराब’चं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं, भाषांतरकारानं ‘पोटाचा विकार’ केलं होतं. खिडकीतल्या बाईंनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. तेव्हा भाषांतर स्वतः वाचून घ्या, आणि ही कागदं घाईघाईत होत नाहीत, पावसाळ्याची वाट न बघता सुरू करा.

फीपेक्षा भाडं जड. मला नुसत्या खोलीला महिना साडेचारशे युरो पडायचे, तीही स्वयंपाकघर चौघींत. विद्यार्थ्यांना आठवड्याला 20 तास काम करता येतं, मी संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासली. ते तुम्हाला चालेल का, हे पाव्हण्यांना नाही, स्वतःला विचारा. त्या कमाईत भाजी-भाकरी निघते, भाडं निघत नाही. तेव्हा शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंतचे पाच-सहा महिन्यांचे पैसे हातात असल्याशिवाय पाठवू नका. जमीन गहाण टाकून तर मुळीच नाही.

भाषेचं तिला आजच सांगा. वर्ग इटालियनमधून असतात. पहिले चार महिने मी ‘सी, सी’ (हो, हो) म्हणत मान हलवली आणि एकदा त्याच नादात दुसऱ्याच्या भिंतीवर दोन पाट्या वाळू चाळून दिली. पोचल्यावर आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, तोही सोबत कुणी भाषा जाणणारं असेल तर बरा.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. परदेशात उघड्या मॉडेलवरून काढायला लावतात म्हणे. आणि इंटरमीजिएटला माझी ‘ए’ ग्रेड आहे, ते सर्टिफिकेट प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओत (कामाच्या फाइलीत) लावू का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : हो, लावतात. मला पहिल्या दिवशी पाय सोडून काही काढताच आलं नाही, सबंध तास पायच काढले. मॉडेल साठीच्या आजी होत्या, मध्ये सुट्टी झाली की शाल पांघरून सुडोकू सोडवायच्या. आठवड्याभरात तुला त्यांचा खांदाच अवघड वाटायला लागेल.

सर्टिफिकेट घरी फ्रेम कर, पोर्टफोलिओत नको. नीटनेटकी चित्रं चार पुरेत. त्यांच्यासोबत बस स्टँडवर, बाजारात, शेतात काढलेल्या कच्च्या वह्या ठेव, फाटक्या असल्या तरी. माझ्या मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्यांनी जालन्याच्या मोंढ्यातली हमालांची वही चाळली, आणि मी तीच आणू की नको म्हणत होते.