एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे आईचं दुखणं मनाचं का?

तुम्ही लिहिलंय की आईची कंबर चार वर्षं दुखतेय, एमआरआयमध्ये विशेष काही निघालं नाही, आणि आता डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय. मग दुखणं खरं की मनाचं?

खरं. आधी हे आईला सांगा.

मी डॉक्टर नाही, पण मान-खांद्याचं दुखणं सहा वर्षं काढलंय. मलाही असंच पाठवलं तेव्हा घरी येऊन रडले. इतके दिवस मी नाटक करतेय असंच सगळ्यांना वाटत होतं की काय! चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन, 10 मिलिग्रॅम. मोबाइलवर पाहिलं तर 'नैराश्यावरची गोळी'. पाकीट दोन आठवडे मसाल्याच्या डब्यामागे तसंच पडून होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं. मेंदूकडून मणक्यात उतरणाऱ्या काही नसा दुखण्याचा संदेश दाबून धरतात. त्यांचं काम सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनवर चालतं, आणि मनःस्थितीशीही याच रसायनांचा संबंध. म्हणून हीच गोळी नैराश्याला मोठ्या डोसमध्ये देतात, दुखण्याला छोट्या. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्यात कधी कधी मूळ इजा भरून येते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. साधा ताणही कळ होऊन जाणवतो. हे एमआरआयमध्ये दिसत नाही.

उलटंही होतं. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त ठणका. माझं आधी पोळ्या लाटणं सुटलं, मग भिशीला जाणं, मग बहिणीचा फोन उचलणंही. उदासी आधी आली की दुखणं, मला आजही सांगता येणार नाही. गोळीने आधी झोप लागली, मग फिजिओथेरपीचे व्यायाम जमू लागले, समुपदेशनाने हालचालीची भीती कमी झाली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण आता सहा-सात पोळ्या लाटते, जरा थांबते, पुन्हा लाटते.

मात्र पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप किंवा विनाकारण वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करू नका. आई जायला तयारच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा, आणि झोपेचं आवर्जून सांगा. बायका ते सांगायचंच विसरतात.