सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी अंगावर घालायचं रोबोटिक साधन बनवताना त्या मुलांना डिझाइनमध्ये कसं सामील करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मेकॅट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या, मुलांसाठी गुडघ्याला मोटरची मदत देणारं साधन करायचं आहे. मुलांना मॉडेल तयार झाल्यावर ट्रायलला बोलवावं की आधीपासून सोबत घ्यावं, आणि ज्यांचं बोलणं स्पष्ट नाही त्यांना विचारायचं तरी कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात बरीच वर्षं सीपीच्या मुलांबरोबरच काम करते आहे आणि इंजिनीअर मंडळींच्या अशा प्रयोगांतही बसले आहे. माझं उत्तर: आधीपासून. मोटर कुठली घ्यायची हे ठरवण्याच्याही आधी.

ॲलिसन ड्रुइन यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात असताना तंत्रज्ञान घडवताना मुलांच्या वाट्याला येणाऱ्या चार भूमिका मांडल्या आहेत: वापरणारा, चाचणी देणारा, माहिती देणारा आणि डिझाइनमधला भागीदार. मी पाहिलेले बरेच प्रोजेक्ट दुसऱ्या भूमिकेपाशी थांबतात. मूल येतं, पट्टे बांधले जातात, ते चार पावलं चालतं, व्हिडिओ होतो, खाऊ मिळतो, मूल घरी जातं. त्याने "इथे टोचतंय" म्हटलं तरी तोवर ॲल्युमिनियम कापून झालेलं असतं. मग टोचणाऱ्या जागी स्पंजचा तुकडा लावतात आणि त्यालाच मुलाचा सहभाग म्हणतात. याचा मला राग येतो, कारण ती मुलं खूप काही सांगू शकतात.

आधी शरीराचं थोडं बोलते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सीपीमध्ये इजा मेंदूला झालेली असते आणि ती वाढत नाही. वाढतं ते मूल. हाडं उंच होतात, ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांब होत नाहीत, आणि वयात येताना बऱ्याच मुलांचे गुडघे चालताना वाकलेलेच राहायला लागतात. त्याला आम्ही क्राउच गेट म्हणतो. तसं उभं राहून बघा, एका मिनिटात मांड्या भरून येतात. ही मुलं दिवसभर तशी चालतात. दुसरी गोष्ट, स्पास्टिक म्हणजे असा ताठर झालेला स्नायू वेगाला उत्तर देतो. हळू ताणला तर सैल येतो, झटका दिला तर उलटा आवळतो. म्हणजे तुमच्या मोटरने जोर अचानक लावला तर ज्या स्नायूला मदत करायची त्याच्या विरुद्धचा स्नायू भांडायला उठेल. जोर किती यापेक्षा तो कसा चढतो याकडे जास्त लक्ष द्या.

या विषयातला वाचण्यासारखा प्रयोग अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतला आहे. लर्नर, डामियानो आणि बुलेआ यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. क्राउच गेट असलेल्या ५ ते १९ वर्षांच्या ७ जणांना गुडघ्याला मोटर असलेलं साधन घालून चालवलं. ६ जणांचा गुडघा आधीपेक्षा सरळ झाला. मला त्यातली महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: मोटर मदत करत असतानाही मुलांचे स्वतःचे स्नायू काम करत राहिले. साधनाने मुलाला ओढत नेलं तर स्नायू आळसावतील, ही आम्हा थेरपिस्टांची पहिली भीती असते. लर्नर यांनी पुढे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात घोट्यासाठीचं साधन केलं. त्यात मोटर आणि बॅटरी कमरेला असते आणि जोर केबलमधून घोट्याला पोचतो, कारण पावलाशी बांधलेलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. वीस किलोच्या मुलाच्या पायाला दीड किलोचं यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता मुलं काय सांगतात. इंजिनीअर गुडघ्याचे अंश मोजतो. आई विचारते, "सरळ चालेल ना?" आणि मूल विचारतं, "हे घालून खाली बसता येईल?" कारण मधल्या सुट्टीत सगळे जमिनीवर गोल करून डबा खातात आणि कॅलिपरवालं, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या बांधलेलं, मूल बाकावर एकटं बसतं. हा प्रश्न परदेशी पेपरांत फारसा भेटणार नाही, कारण तिथल्या मुलांचा दिवस खुर्चीवर जातो. आपल्याकडे मांडी आहे, देशी संडास आहे, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला आहेत. बुटात बसवलेलं साधन घरात शिरताक्षणी निरुपयोगी होतं. पावसाळ्यात चिखल आणि ओली फरशी आहे. ज्या मुलीला शाळेच्या स्कर्टखाली ते दिसायला नको आहे, तिच्यासाठी जाडी हा पहिला निकष आहे. तिच्याच वर्गातला एखादा मुलगा म्हणेल की दिसू दे, त्यावर लाल दिवा लावा. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांचंही ऐकायचं तर वरचं कव्हर बदलता आलं पाहिजे.

विचारायचं कसं, तर शब्दांनी कमी आणि वस्तूंनी जास्त. एका टीमला मी सुचवलं होतं की मोटर विकत घेण्याआधी माणूसच मोटर बनू दे. गुडघ्याच्या वर आणि खाली मऊ पट्टे, त्यांना जोडलेली रबरी थेराबँड, आणि मागून चालणारी मी ती ओढणार. ओढायचं केव्हा ते चालणारा सांगणार. वॉकर घेऊन चालणारा एक दहा वर्षांचा मुलगा होता. पहिल्यांदा तो फक्त हसत सुटला. मग व्हरांड्यात दोन फेऱ्या झाल्यावर त्याच्या सूचना यायला लागल्या: "आत्ता. सोड. आत्ता." टोकाला पोचून वळताना तो जवळजवळ ओरडला, "वळताना नको!" वळताना तो मुद्दाम गुडघे वाकवून तोल सांभाळत होता आणि मी त्याचा तोच आधार काढून घेत होते. त्या टीमच्या प्रोग्रॅममध्ये वळणाचा विचारच नव्हता. सगळी गणितं सरळ रेषेत चालण्याची होती. एक रुपयाही खर्च न होता हे कळलं.

बोलणं स्पष्ट नसलेल्या मुलांसाठी थांबायला शिका. प्रश्न विचारून मनात सावकाश दहा अंक मोजा. तुम्हाला ती शांतता अवघड वाटेल, मुलाला ती लागते, कारण ओठ आणि जीभ जुळवायलाच वेळ जातो. आई बाजूला असेल तर ती प्रेमापोटी उत्तर देऊन टाकते. तिला आधीच विनंती करा. दोन गोष्टी समोर धरा, वेलक्रो आणि बकल, आणि नजर कुठे जाते ते बघा. मुलाकडे चित्रांचा बोर्ड असेल तर "दुखतंय", "नको", "परत" ही चित्रं त्यावर आहेत ना, याची आधी खात्री करा. "नको" म्हणायची सोय नसेल तर मिळालेल्या होकाराला काही किंमत नाही. एकच हात चालणाऱ्या मुलाला पट्टा स्वतः बांधून बघायला सांगा. कडीतून ओवून मागे ओढायचा वेलक्रो एका हाताने जमतो, दाबून उघडायचं बकल बहुधा जमत नाही.

मोटरचा आवाजही मुलांपुढे वाजवून बघा. सीपीच्या बऱ्याच मुलांचं दचकणं फार जोराचं असतं. खट् असा आवाज झाला की सगळं अंग ताठ होतं आणि तोल जातो. रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, वाजणारं सर्किट तुमच्या टेबलावर निरुपद्रवी असतं, त्यांच्या अंगावर नसतं.

एकाच भेटीवर विसंबू नका. ताप, थंडी, परीक्षा, नवी जागा, कशानेही टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, बदलतो.

सुरक्षेत तडजोड नाही. गुडघा जितका वाकतो-सरळ होतो त्याच्या पुढे यंत्र जाणारच नाही असा धातूचा अडसर हवा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. बंद करायचं बटण मुलाच्या हातात हवं, आणि त्याला ते दाबता येतं हे तपासलेलं हवं. साधन काढल्यावर कातडीवरची लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर तो पट्टा बाद. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय मोटर मुलाला बांधू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाची तोंडी आणि बारानंतर लेखी संमती घ्यायची असते. कॉलेजात कमिटी नसेल तर एखाद्या मेडिकल किंवा फिजिओथेरपी कॉलेजशी जोडून घ्या. तेवढा वेळ नसेल तर वर सांगितलेली थेराबँड, पुठ्ठा आणि वेलक्रोची मॉडेलं, सोबत थेरपिस्टला घेऊन, एवढ्यावरच प्रोजेक्ट उभा करा. आवाक्यातला प्रोजेक्ट तोच आहे.

आणि पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगा की हे साधन शेवटी कॉलेजात जमा होणार आहे, त्यांच्याकडे राहणार नाही. प्रोजेक्ट संपल्यावर परत जा, त्यांनी सांगितलेलं काय घेतलं, काय जमलं नाही आणि का, ते त्यांना दाखवा.