न्यूयॉर्कचा क्लीन स्लेट कायदा: गुन्हा सील झाला तरी सिटिझनशिपच्या अर्जात सांगावा लागतो का?

२०१६ साली मॅनहॅटनमध्ये दुकानातून वस्तू उचलल्याचा मिस्डिमिनर (कमी गंभीर गुन्हा), फक्त दंड, आता ग्रीन कार्ड. हे क्लीन स्लेटने आपोआप पुसलं जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

पुसलं जात नाही, सील होतं, म्हणजे नोंद राहते पण सर्वसामान्यांना दिसत नाही. त्यासाठी अर्ज, फी, वकील काही लागत नाही. कायदा १६ नोव्हेंबर २०२४ ला लागू झाला. मिस्डिमिनरला शिक्षा सुनावल्यापासून (तुरुंगवास असेल तर सुटकेपासून) ३ वर्षं, फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) ८ वर्षं थांबावं लागतं. तुमची मुदत कधीच भरली. मध्ये दुसरा गुन्हा शाबीत झाला असेल तर मात्र मोजणी तिथून नव्याने होते. एखादी केस चालू असेल किंवा प्रोबेशनवर असाल, तरी सील होत नाही. निकालपत्रात 'क्लास ए' वाचून घाबरू नका. या कायद्यातून लैंगिक गुन्हे वगळले आहेत, आणि ड्रग्जच्या सोडून बाकी क्लास ए फेलनीही. तुमचा क्लास ए मिस्डिमिनर आहे, तो बसतो.

लोक फसतात ते वेळेत. जुन्या नोंदी सील करायला न्यायालयांना १६ नोव्हेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, म्हणजे तुम्ही पात्र असूनही नोंद आज उघडी असू शकते. उघडी असताना नोकरीच्या फॉर्मवर 'गुन्हा नाही' लिहिलंत तर ते खोटं ठरतं. आधी राज्याच्या डीसीजेएसकडे (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं खातं) बोटांचे ठसे देऊन स्वतःचा रेकॉर्ड मागवा. सील झाल्यावरही खासगी कंपनीच्या बॅकग्राउंड रिपोर्टमध्ये तो गुन्हा आला, तर त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. त्यांना साधारण ३० दिवसांत तपासावं लागतं. पोलीस, बंदुकीचा परवाना, मुलं-वृद्धांसोबतच्या ठशांवर तपासणी होणाऱ्या नोकऱ्या, इथे सील केलेलंही दिसतं.

आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: सील हे राज्यापुरतं आहे. इमिग्रेशन फेडरल खातं आहे, त्यांच्या लेखी शिक्षा कायमच राहते. एन-४०० मध्ये (सिटिझनशिपचा अर्ज) सील झालेले गुन्हेही सांगावे लागतात, आणि ठसे घेतल्यावर जुनी अटक समोर येतेच. चोरीचा गुन्हा तिथे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत धरला जाऊ शकतो. तरीही एका जुन्या मिस्डिमिनरपेक्षा तो लपवणं अर्जाला जास्त भोवतं. ज्या कोर्टात केस चालली तिथल्या क्लार्ककडून सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशनच्या (केसचा निकाल सांगणारा कोर्टाचा दाखला) दोन-तीन प्रती आत्ताच घेऊन ठेवा. सील झाल्यावरही ओळखपत्र दाखवून तुम्हाला ते मिळतं, पण खेटे वाढतात. एन-४०० भरण्याआधीच नव्हे, भारताचं तिकीट काढण्याआधीही इमिग्रेशन वकिलाला ते दाखवा, कारण परतताना विमानतळावर हाच प्रश्न येऊ शकतो.