संमोहन म्हणजे नेमकं काय? त्यात माणूस खरंच दुसऱ्याच्या ताब्यात जातो का?

ताब्यात जात नाही. संमोहन म्हणजे झोपही नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. लक्ष एकाच गोष्टीवर इतकं एकवटतं की आजूबाजूचं भान मागे पडतं, आणि दिलेली सूचना आपोआप घडतेय असं वाटतं. नको ती सूचना माणूस नाकारू शकतो.

शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, हे 200 वर्षांपूर्वी ठामपणे मांडलं ते गोव्यातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया यांनी. त्या काळी मेस्मर या डॉक्टरचे अनुयायी हा परिणाम शरीरातल्या चुंबकी द्रवाचा मानत होते. फारिया 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांना खुर्चीत बसवून, डोळे मिटायला सांगून "झोपा!" एवढंच म्हणत. जे घडतं त्याचं मूळ समोरच्या माणसाच्या मनात आहे, असं त्यांचं म्हणणं. पणजीतल्या त्यांच्या पुतळ्यात मात्र कोसळत्या स्त्रीवर हात रोखलेले दिसतात आणि बघणाऱ्याला शक्ती हातातच वाटते. मला ते खटकतं.

प्रत्यक्षात काय करतात? पाठ टेकवून बसवायचं आणि नजरेच्या रेषेच्या थोडं वर एखादा ठिपका बघायला सांगायचं. वर बघून पापण्या लवकर जडावतात. नेमकं तेव्हाच "पापण्या जड होताहेत" म्हटलं की अनुभव आणि शब्द जुळतात, विश्वास बसतो. मग डोक्यापासून पायांपर्यंत अंग सैल सोडायचं, 10 पासून 1 पर्यंत सावकाश उलटं मोजायचं. "मनगटाला फुगा बांधलाय, हात हलका होतोय" ही सूचना देऊन बघावं. हात झटकन वर गेला तर बहुधा माणूस मुद्दाम उचलतोय. खरा प्रतिसाद अडखळत, बोटाबोटाने येतो, आणि काहींच्या बाबतीत येतच नाही. सूचना ग्रहण करण्याची क्षमता माणसागणिक कमीजास्त असते, जबरदस्तीने वाढत नाही.

बिघडतं ते घाईमुळे आणि शब्दांमुळे. "दुखणार नाही" म्हटलं की लक्ष दुखण्याकडेच जातं. "हात गार, बधिर होतोय" म्हणावं. हरवलेल्या आठवणी शोधायला तर संमोहन वापरूच नये. नसलेली आठवणही खरी वाटू लागते आणि तिच्यावरची खात्री वाढते. भास-भ्रमाचा आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञाशिवाय प्रयोग नको.

शेवटी जडपणाची, बधिरपणाची प्रत्येक सूचना नाव घेऊन मागे घ्यायची, 1 ते 5 मोजून डोळे उघडायला सांगायचं. पूर्ण तरतरी येईपर्यंत गाडी चालवू द्यायची नाही.