भेंडीचं पाणी, पोरं पळवणारी टोळी आणि डिजिटल अरेस्ट

प्रश्न : बाबांनी (वय 68) फॅमिली ग्रुपवर ‘भेंडीचं पाणी प्या, शुगरची गोळी कायमची बंद’ टाकलं. मी तिथेच ‘हे खोटं आहे’ लिहिलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

ग्रुपवर लिहिलंत तिथेच गाडी घसरली. अहो, काका, मामा, जावई सगळ्यांसमोर खोटं पाडल्यावर माणूस मेसेजची नाही, स्वतःच्या अब्रूची बाजू घेणार ना. चहाला बसल्यावर विषय काढा आणि खरं-खोटं बाजूला ठेवून एवढंच विचारा की बाबा, हे लिहिलंय कुणी? मेसेजवर डबल बाण दिसतो बघा, त्याचा अर्थ तो किमान पाच हातांतून फिरून आलाय आणि मूळ माणसाचा पत्ता नाही. (आता गणपतीच्या शुभेच्छांवरही तो बाण असतो, त्यामुळे बाण म्हणजे खोटं असंही नाही.) मग म्हणायचं, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवू, पण तोवर गोळी बंद करायची नाही. ह्या शेवटच्या वाक्यावर मात्र अडून बसा, रुसले तरी चालेल.

प्रश्न : गावच्या ग्रुपवर ‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ असा व्हिडिओ आलाय. खोटा वाटतो, पण खरा निघाला तर?

ह्या ‘तर’वरच सगळं चालतं. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, पोरं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून आलेले दोघं पोराला उचलून नेतात. तो होता कराचीतला, पालकांनी सावध राहावं म्हणून केलेला, आणि शेवटी ते पोराला परत आणून सोडतात, फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि आपल्याकडे तो खराखुरा म्हणून फिरला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, पण गेलेली माणसं गेली.

तुम्ही काय करायचं, तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोधायची सोय) टाका, जुना असेल तर बरेचदा सापडतो. नाही सापडला तरी पुढे पाठवू नका. खरंच कुणावर संशय असेल तर 112 लावा किंवा पोलीस पाटलांना सांगा, ग्रुपला नाही.

प्रश्न : आमच्या प्रभाग संघात बचत गटाच्या बायकांसाठी खोटे मेसेज ओळखायला शिकवणारं एक दिवसाचं शिबिर घ्यायचंय. पुरेल का?

खरं सांगू? नाही. बिहारमध्ये 2019च्या लोकसभेच्या वेळी लोकांना तासाभराचं ट्रेनिंग देऊन बघितलं, एकंदरीत फारसा फरक पडला नाही. नंतर तिथेच 583 गावांतल्या शाळकरी पोरांना काही आठवडे थोडं-थोडं करून वर्गात शिकवलं, तर चार महिन्यांनीही ती खोट्या बातम्या जास्त नीट ओळखत होती, आणि त्यांच्या आईबापांतही सुधारणा दिसली. म्हणून माझं ऐका, मंडप, बॅनर आणि पाहुण्यांचा सत्कार ह्यात पैसे घालवू नका, गटाची बैठक होतेच ना, त्यात दर वेळी दहा मिनिटं काढा. बायकांच्याच फोनवर आलेला एक मेसेज घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून उसवायचा. प्रोजेक्टर लागत नाही. आणि घरच्या आठवी-नववीच्या पोरींना सोबत बोलवा, फोन त्याच चालवतात.

प्रश्न : ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ असा व्हिडिओ कॉल आला तर?

कट करा. पोलीस असल्याचं भासवून, घाबरवून पैसे उकळायचा हा डाव आहे. असली अटक कायद्यात नाहीच, कॉलवरचा माणूस कितीही कडक वर्दीत असू दे. पैसे गेले असतील तर लाज सोडून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.