‘मॅडम, हा आता चोरच होणार का?’

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडिलांनी सांगून टाकलं, “मॅडम, आमचा मुलगा चोर आहे.” मुलगा शेजारीच उभा होता. पंधरा वर्षांचा, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. आई खिडकीकडे बघत राहिली. (ओळख कळू नये इतपत तपशील मी बदललेत.)

झालं होतं ते एवढं. वर्गातल्या एकाचा मोबाईल याने आणि त्याच्या एका मित्राने उचलला, दोन दिवस दडवून ठेवला. त्यात पडून मोबाईलची काच तडकली आणि मग सगळं उघडकीला आलं. मोबाईल परत गेला. घरात मात्र तेव्हापासून वेगळीच शिस्त सुरू झाली होती. आईची पर्स कपाटात, कपाटाला कुलूप. रोज संध्याकाळी दप्तराची झडती. व्हॉलीबॉलचा सराव बंद, कारण ‘तिथेच ती पोरं भेटतात’. धाकट्यालाही ताकीद, दादाच्या नादी लागायचं नाही.

“पुढे काय होणार याचं? हे रक्तातच असतं का?” वडिलांनी विचारलं.

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. कुणी रक्ताला दोष देतं, कुणी संगतीला, कुणी मोबाईलला. रक्ताचं उत्तर आधी निकालात काढते. गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो आणि जबडा-कवटीवरून ओळखू येतो, असं 1876 साली लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरांनी मांडलं होतं. त्यांच्या मोजमापांचा फोलपणा कधीच उघडा पडला, पण ‘तोंडावरूनच कळतं’ हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं.

संगतीचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने गुन्हा हा जवळच्या माणसांत शिकला जातो असं सांगितलं. 1947 मध्ये त्यांनी हा सिद्धांत अंतिम स्वरूपात मांडला. त्यांच्या मते हात मारायची युक्ती हा शिकण्यातला एक भाग. तसं करणं का चालतं, याची कारणंही माणूस तिथेच शिकतो. पालक युक्तीला घाबरतात. मी कारणं ऐकायला बसते.

पहिल्या भेटीत चूक मात्र मीच केली. मुलाला एकट्याला बसवलं आणि विचारलं, “याआधी काय काय घेतलंस?” तो मिटला तो मिटलाच. नंतर माझं मलाच लागलं. मीही झडतीच घेत होते, फक्त दप्तराऐवजी डोक्याची. पुढच्या वेळी विचारलं, “त्या दिवशी काय झालं ते सांगशील?” तेव्हा बोलला. “त्याच्याकडे घरी दुसरा आहे मॅडम. त्याचं काहीच अडलं नसतं. आणि वर्गात सगळेच ढापतात, आम्ही सापडलो एवढंच.”

हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. मला हायसं वाटलं. साईक्स आणि मात्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये अशा समर्थनांचे पाच प्रकार नोंदवले होते: माझ्या हातात नव्हतं, कुणाचं नुकसान झालंच नाही, त्याची तीच लायकी होती, बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे, मित्रासाठी करावं लागलं. त्यांचा मुद्दा मला अजून पटतो. ज्याला नियम मुळातच मान्य नाही, त्याला सबब कशाला लागेल? याला सबब लागत होती, म्हणजे आतून कुठेतरी टोचत होतं. तेवढ्यावर काम करता येतं.

मग त्याने सहज एक वाक्य टाकलं. “घरात टीव्हीचा रिमोट सापडला नाही तरी आधी माझ्याकडे बघतात.”

कानफाट्या नाव पडलं की पडलं, असं आपण म्हणतोच. समाजशास्त्राने त्याचा पुढचा भाग तपासला. एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये पहिलं वळण आणि दुसरं वळण असा फरक केला. पहिल्यांदा नियम मोडण्याची कारणं शंभर असतात. पुढे लोक ज्या नावाने ओळखतात, तीच स्वतःची ओळख म्हणून माणूस स्वीकारतो आणि तसंच वागू लागतो, तेव्हा दुसरं वळण येतं. 1963 मध्ये हॉवर्ड बेकर यांनी त्याच वाटेने जाऊन म्हटलं की विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडून वागणं, हा कृतीच्या अंगचा गुण नसतो, लोक त्या कृतीला जे ठरवतात त्यातून ते घडतं. बेकर वाचून काही जण ‘म्हणजे मुलाला काही बोलूच नये’ इथवर जातात. ते मला मान्य नाही. या मुलाने मोबाईल उचलला तेव्हा त्याला कुणी चोर म्हटलेलंही नव्हतं. लाज वाटायलाच हवी. गुन्हेगारीचे अभ्यासक जॉन ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये दाखवलेला फरक मला रोजच्या कामात उपयोगी पडतो: एक लाज कृत्याची असते आणि तिच्यानंतर माणसाला परत घेतलं जातं, दुसरी कपाळावर डाग देऊन माणसाला बाहेर उभं करते.

वडिलांना मी आधी त्यांच्या भीतीचं उत्तर दिलं. दहा वर्षांच्या आत मारहाण, प्राण्यांना छळणं, आग लावणं, सतत खोटं बोलणं यातलं काही होतं का? नव्हतं. असतं, आणि वर्षानुवर्षं चालू असतं, तर मी वेगळं बोलले असते, तज्ज्ञांकडे लगेच पाठवलं असतं. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये हेच दोन गट मांडले. थोड्यांचं वागणं लहानपणापासून बिघडलेलं असतं आणि पुढेही तसंच राहतं. पौगंडावस्थेत नियम मोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोठे होता होता थांबतात.

मग व्हॉलीबॉलवर आले. समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी 1969 मध्ये प्रश्नच उलटा केला होता: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? त्यांचं उत्तर धाग्यांचं होतं. कुणाबद्दल तरी जिव्हाळा, गमावण्यासारखं काहीतरी, कशात तरी गुंतलेला वेळ, नियमांवरचा विश्वास. मी विचारलं, “मोबाईल उचलताना सोबत होता तो मुलगा संघात आहे?” आई पहिल्यांदाच बोलली, “नाही हो, तो क्लासचा.” वडील गप्प झाले. मुलाला धरून ठेवणारा सगळ्यात जाड धागा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला होता.

ठरलं ते साधं होतं. मुलगा त्या वर्गमित्राच्या घरी जाऊन माफी मागेल, वडील दाराबाहेर थांबतील. काचेचा खर्च खाऊच्या पैशांतून हप्त्याहप्त्याने फेडेल. शेवटचा हप्ता दिला की घरात तो विषय निघणार नाही, भांडणातसुद्धा नाही. झडती बंद, सराव चालू. शेवटच्या अटीला वडील अडले. “सवय मोडायला वेळ लागेल,” म्हणाले. मी म्हटलं, त्यालाही लागेल.

माफीचा दिवस काही सुंदर गेला नाही. तो वर्गमित्र धड बोललाही नाही. हा परत येऊन दोन तास खोलीत बसला.

तीनेक महिन्यांनी वडील एकटेच आले. “परवा पाकीट सापडेना. शब्द अगदी ओठावर आला होता मॅडम. गिळला. निघालं गाडीच्या सीटखाली.”

“मुलाला कळलं?”

“कळलं म्हणजे? तोच तर खाली वाकून टॉर्च धरून बसला होता.”